एक घर पुढे

बशीत कप किणकिणला आणि स्वयंपाकघरातली शांतता तडकली.

आम्ही कोणीच ते ऐकलं नाही. म्हणजे ऐकू आलं नाही असं नव्हे; न ऐकणं हे या घरात एक काम आहे, आणि ते आम्ही मन लावून करतो. पावाला लोणी लावणं हे जगातलं सर्वांत नाजूक काम असल्यासारखा नवरा सुरीवर वाकला. मी लेकीचं, भिंगरीचं, तोंड पुसलं, जे आधीच पुसून झालं होतं. आप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, दुसऱ्या हाताने कप धरून किणकिण बंद केली आणि जाहीर केलं, "चहा फार गरम आहे आज."

"फुंकर मारा ना आजोबा," भिंगरी म्हणाली. तिला चौथं लागलं होतं आणि न ऐकायला ती अजून शिकली नव्हती. "मग कप नाही नाचणार."

"खा गप," मी म्हटलं.

लोणी लावून झालं. पुन्हा लावण्यासारखी जागा उरली नाही, तेव्हा नवऱ्याला बोलावंच लागलं. "आप्पा, दातवाल्या डॉक्टरांचा ब्लॉक आलाय."

"पाहिला."

"तो तुम्ही करा. पण त्यानंतर... बघू."

"काय बघू?"

"मशीनचं. होनिंगचं मशीन. आपोआप घासतं, आपोआप मोजतं."

"आणि चहा? तोही आपोआप करतं?"

"आप्पा, मागचा ब्लॉक परत आला. इंजिन पहिल्याच दिवशी जाम. हाही तसाच निघाला, तर मला मशीन आणावंच लागेल. आणि मग तुम्हाला त्या टेबलाशी उभं राहायचं कारण नाही."

आप्पांनी दोन्ही हातांनी कप खाली ठेवला, असा की बशीला पत्ता लागू नये. "आणि चांगला निघाला तर?"

"तर मशीनचं नाव पुन्हा काढणार नाही."

"लोणी दे," आप्पा म्हणाले. बोलणं संपलं.

आमचं वर्कशॉप घराच्या मागच्या दाराला लागून आहे. मधे फक्त एक पायपुसणं, आणि त्याच्या कोणत्या बाजूला तेल चालतं नि कोणत्या बाजूला नाही, यावर आमचा संसार टिकून आहे. जुनी इंजिनं खोलून पुन्हा नव्याने बांधणं, हा धंदा. त्यातही ज्यांना गाडी नुसती चालायला नको, पळायला हवी असते, अशी माणसं आमच्याकडे येतात, आणि ती यायची आप्पांच्या हातासाठी.

हात म्हणजे काय, ते सांगते. इंजिनच्या ब्लॉकमध्ये गोल विहिरी असतात. त्यांना बोअर म्हणायचं. त्यांच्यात पिस्टन वर-खाली धावतात. विहिरी पाडायचं ढोबळ काम मशीन करतं, पण शेवटचं एक बारीक साल ठेवून देतं. ते साल हाताने काढायचं. संथ फिरणाऱ्या जड ड्रिलला घासायचे दगड लावायचे, दगड विहिरीत सोडायचे, रॉकेल-तेलाची धार धरायची आणि दगड फिरता फिरता वर-खाली करत राहायचं. गती जुळली की भिंतीवर तिरप्या रेघांची जाळी उमटते. तेल त्या जाळीत मुरून राहतं. भिंत आरशासारखी गुळगुळीत केली तर तेल निसटतं आणि इंजिन धूर ओकतं. "गुळगुळीत माणसांचंही तेच, काही धरून ठेवत नाहीत," असं आप्पा म्हणतात, आणि हे वाक्य बोलताना ते नेमके गिऱ्हाइकाकडे बघतात.

घासण्याआधी ब्लॉकच्या माथ्यावर एक जाड पोलादी पाट बोल्टांनी कसून आवळायचा. पुढे इंजिनचं वरचं झाकण बसणार, त्याच्या दाबाने विहिरी किंचित वाकणार; तर त्या आत्ताच वाकवून घ्यायच्या आणि वाकलेल्या अवस्थेत गोल करायच्या. माझं नवीन लग्न झालं तेव्हा आप्पांनी मला हे समजावलं होतं. "लग्नानंतर माणूस जसा वाकडा वागणार, तसा त्याला आधीच वागायला लावायचं. मग घासायचं." मी नवऱ्याकडे बघितलं. तो बोल्ट आवळत होता. वरचं झाकण बसलेलंच होतं, आता काय.

आप्पांच्या हाताची गंमत अशी की जड वस्तू धरली की तो डोंगरासारखा स्थिर होतो. ते ड्रिल मला दोन हातांनी उचलवत नाही. आप्पा ते धरतात आणि त्यांचा हात जणू पंचवीस वर्षांचा होतो. रेघा अशा पडतात की बघत राहावं. थरथर सुरू होते ती हलकी वस्तू धरली की. कप. चमचा. भिंगरीच्या फ्रॉकचं बटण. आणि बोअर गेज.

सगळं घोडं तिथेच पेंड खात होतं. बोअर गेज म्हणजे लांब दांडा, खालच्या टोकाला दोन टोचे, वर घड्याळासारखी तबकडी. तो विहिरीत सोडायचा आणि हलकेच पुढे-मागे झुलवायचा. काटा सरकत सरकत जिथून माघारी वळतो, ते खरं माप. त्यासाठी एक क्षण तरी गेज अगदी सरळ उभा राहायला हवा. हात थरथरला की तो सरळ उभाच राहत नाही, तिरका राहतो. आणि तिरकं माप नेहमी मोठं येतं. म्हणजे आप्पांना वाटतं, विहीर झाली. ती झालेली नसते. तबकडीवरचं एक घर, म्हणजे दोन रेघांमधलं अंतर, राहिलेलं असतं. एक घर म्हणजे किती, तर केसाच्या जाडीचे सात भाग करा, त्यातला एक. तेवढ्याने पिस्टन गरम झाला की अडकतो आणि माणसाचं नाव जातं.

परत आलेला तो ब्लॉक मी मोजला होता. प्रत्येक विहीर एक घर कमी. ना जास्त, ना कमी; वर-मधे-खाली, सगळीकडे एकच घर. आप्पा चुकले तेही मापात.

आता कोणीही म्हणेल, मग घासू दे आप्पांना, मोजू दे दुसऱ्या कोणाला. एका वाक्याचं काम होतं. पण आमच्या वर्कशॉपचा नियम आहे, आणि तो आप्पांनीच घातलेला: ज्याने घासलं, त्याने मोजायचं. काम संपेपर्यंत दुसऱ्याच्या विहिरीत गेज घालणं म्हणजे जेवणाऱ्याच्या ताटातला घास उचलून "मीठ बरोबर आहे ना" म्हणून चाखणं. नियम बाजूला ठेवायचा तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण तर रोज सकाळी बशीत वाजत होतं. तेव्हा ते एक वाक्य सोडून आम्ही बाकी सगळं केलं.

गेज लावायचं काम माझं. भिंगरी पोटात होती तेव्हा मला वाकवेना, उचलवेना. आप्पांनी मला मापखोलीत खुर्ची दिली आणि मोजायला शिकवलं. "इथे बस. इथे घाई करणाऱ्याला शिक्षा नसते, पण माप मिळत नाही." मापखोली ही घरातली सर्वांत गुणी खोली. तिथे ऊन येत नाही, वारा येत नाही. लोखंड तापून फुगू नये म्हणून सगळा बंदोबस्त. पुढे भिंगरी झाली तेव्हा तीही तिथेच निजायला लागली. एका बाजूला पाळणा, एका बाजूला घासून तापलेला ब्लॉक. दोघांवरही चादर. आप्पा दारातून हळूच विचारायचे, "निजला का?" आणि ते नातीबद्दल विचारत नसत, कारण नात "निजली" असती. तापलेला ब्लॉक शांत झाल्याशिवाय मोजायचा नाही, हाही एक नियम. भिंगरीचे जुने सुती लंगोट तर वर्कशॉपची शान. विहिरी धुऊन पुसायला त्यांच्यासारखं फडकं नाही, धागा सुटत नाही. फडकं पांढरं निघेपर्यंत पुसत राहायचं. मी आयुष्यात पांढऱ्या फडक्याची वाट बघत जितका वेळ घालवलाय, तितका दुसऱ्या कशाचीही वाट बघण्यात घालवला नाही.

तर सकाळी गेज लावायचा म्हणजे असं: अचूक मापाची एक जाड पोलादी कडी आहे, तिच्यात गेज बसवायचा, आणि तबकडीची कड फिरवून शून्य बरोबर काट्याखाली आणायचं. मग पेच आवळायचा. त्या दिवशी आप्पा घासताना काटा शून्यावर आला की थांबणार.

डॉक्टरांच्या ब्लॉकची पहिली सकाळ. मी शून्य काट्याखाली आणलं. पेचाकडे हात नेला. मग हात परत आणला आणि तबकडीची कड एक घर पुढे सरकवली.

एवढंच. घराघरांत भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवतात ना, उशिरा निघणाऱ्या माणसासाठी, तसं. आप्पा एक घर आधी थांबतात; मी शून्यच एक घर लांब ठेवलं. ते त्यांच्या शून्यावर थांबतील आणि विहीर बरोबर खऱ्या मापाला येईल. त्यांची चूक आणि माझी लबाडी एकमेकींच्या गळ्यात गळा घालून नाहीशा होतील. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. पेच आवळला, गेज नवऱ्याच्या हाती दिला, त्याने तो आप्पांच्या टेबलावर नेऊन ठेवला. रोज तोच नेतो.

डॉक्टर अधूनमधून ब्लॉकची तब्येत बघायला येत. सभ्य, गोरेगोमटे, हात धुतल्यासारखे स्वच्छ. सुट्टीच्या दिवशी डोंगराच्या चढावर गाड्यांच्या शर्यती लावतात ना, त्यात भाग घ्यायचा त्यांना नाद.

"आप्पा, तसे आपण एकाच धंद्यातले," ते म्हणाले. "मीही ड्रिलच चालवतो."

"फरक आहे, डॉक्टर. माझं गिऱ्हाईक ओरडलं तर मी थांबतो. तुमचं ओरडलं तर तुम्ही सुई टोचता."

डॉक्टर हसले. मग जरा चाचरत म्हणाले, "मी काय म्हणत होतो... ते घडीव पिस्टन मिळतात हल्ली. शर्यतीला लोक तेच घालतात."

"थंड असताना खुळखुळतात," आप्पा म्हणाले. "घडीव धातू तापला की फार फुगतो, म्हणून आधी भोवती जास्त जागा सोडावी लागते. तोवर खुळखुळ. ओतीव पिस्टन आणलेत ते उत्तम आहेत. खुळखुळा हवा असेल तर नातीचा देतो."

"नाही नाही, ओतीवच उत्तम," डॉक्टर घाईने म्हणाले, आणि जाताना उगाचच भिंगरीच्या दातांचं कौतुक करून गेले.

चार विहिरी होत्या. रोज सकाळी मी गेज लावला, रोज एक घर पुढे. रोज नवऱ्याने तो नेला. रोज आप्पांनी पाट आवळून घेतला, दगड विहिरीत सोडले, आणि ती खर्रर सुर्रर सुरू झाली, जी ऐकत भिंगरी जन्मापासून झोपत आली आहे. बंद झाली की जागी होते. मी भाजी चिरता चिरता कान देऊन असे. आवाज खरखरीत असतो तेव्हा दगड उंचवट्यांवरून चाललेले असतात. हळूहळू तो एकसारखा, लांब होतो, कोणी झोपेत श्वास घ्यावा तसा. मग शांतता. म्हणजे विहीर निववून आप्पा मोजताहेत. त्या शांततेत मी विळी बाजूला ठेवायची. नवरा पलीकडे पाना खाली ठेवायचा. घरभर कोणी हलायचं नाही, जणू आमच्या हलण्यानेच त्यांचा हात थरथरतो.

"झालं," आप्पांचा आवाज यायचा. विळी पुन्हा चालू.

शेवटची विहीर झाली, ब्लॉक गरम पाण्याने धुतला, लंगोटावर लंगोट पांढरे निघाले, आणि पिस्टन बसवून बघायचा दिवस आला. डॉक्टरांना बोलावलं होतं. त्यांनी विहिरीत डोकावून पाहिलं आणि "अहाहा" केलं. खरंच, चारही भिंतींवर तीच जाळी, त्याच तिरपेपणाची. बघून कोणालाही वाटावं, हे एकाच दमात झालंय.

नवऱ्याने पहिला ओतीव पिस्टन उलटा धरला आणि विहिरीत सोडला. त्याने दमादमाने उतरायला हवं होतं, आजारी माणूस खुर्चीत बसतो तसं. तो शाळा सुटल्यासारखा गेला.

नवऱ्याने पिस्टन वर घेतला. पिस्टन आणि भिंत यांच्यामधल्या फटीत मापाची पोलादी पट्टी घालून पुन्हा सोडला आणि पट्टी ओढली. ती अडखळत यायला हवी. ती लोण्यातून सुरी यावी तशी आली. त्याने जाड पट्टी घेतली. तीही आली. अजून जाड घेतली. ती अडखळली.

"दोन घरं," तो पुटपुटला. "दोन घरं जास्त."

दुसरी विहीर: दोन घरं. तिसरी, चौथी: दोन, दोन.

कमी घासलेलं आणखी घासता येतं. जास्त घासलं की संपलं. काढलेलं लोखंड परत लावता येत नाही. मी मनात म्हटलं, माझ्यामुळे. शहाणपणा करायला गेले आणि आप्पांचं टेबल मीच त्यांच्या हातून काढून घेतलं. नवऱ्याकडे बघितलं तर त्याचाही चेहरा पांढराफटक, लंगोटाला लाजवेल असा. मला वाटलं, बिचारा, मशीन आणायची वेळ आली म्हणून वडिलांसाठी हळहळतोय.

आप्पांनी पिस्टनकडे पाहिलंच नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मुलाकडे, मग तबकडीकडे. आणि हात पुसायला घेतले, जे पुसलेलेच होते.

डॉक्टर मात्र लालबुंद झाले होते. "कोणी सांगितलं तुम्हाला?" ते म्हणाले.

"काय?" नवरा म्हणाला.

"नाही, मी कबूल करतो. मी सांगायला हवं होतं. पण आप्पांनी ओतीव निवडून दिले होते, त्यांना वाईट वाटेल म्हणून..." ते बाहेर पळाले, गाडीतून एक खोकं छातीशी धरून आणलं आणि चोरी पकडल्यासारखं टेबलावर ठेवलं. आत घडीव पिस्टन, चार, चकचकीत. "कधीचे घेऊन ठेवलेत. दवाखान्यात लपवले होते, आज धीर करून गाडीत टाकले. कसं सांगावं तेच कळत नव्हतं."

नवऱ्याने मायक्रोमीटर लावला. घडीव पिस्टन ओतीवाच्याच मापाचे होते. "यांच्याभोवती गाळा किती सोडायचा म्हणाले दुकानवाले?" त्याने विचारलं.

"ओतीवापेक्षा दोन घरं जास्त."

नवऱ्याने घडीव पिस्टन विहिरीत सोडला. तीच जाड पट्टी घातली, ती अडखळत, लाजत आली. चारही विहिरींत तशीच.

"आप्पा, तुम्ही मनकवडे आहात," डॉक्टर भारावून म्हणाले. "मी तोंडाने ओतीव म्हणत होतो आणि तुम्ही मनातलं माप काढलंत. कसं जमतं हो?"

आप्पांनी जराही डोळे न हलवता उत्तर दिलं. "असं काम एकट्याच्या हाताने होत नाही, डॉक्टर."

डॉक्टरांना तो विनय वाटला. डोळ्यांत पाणी आणून ते निघून गेले.

संध्याकाळी मी मागच्या अंगणात लंगोट पिळत होते. नवरा आला, दोरीवर एक लंगोट टाकला, तो सरळ केला, पुन्हा सरळ केला. दहा वेळा सरळ केल्यावर म्हणाला, "एक सांगायचंय. रागावू नकोस."

"बोल."

"गेज तू लावून द्यायचीस ना. टेबलावर नेता नेता मी... पेच सैल करून रोज एक घर पुढे सरकवत होतो. आप्पा एक घर आधी थांबतात म्हणून."

मी पिळता पिळता थांबले. "तू?"

"चूक झाली. मला वाटलं, तेवढ्याने बरोबर होईल."

"मीही," मी म्हटलं.

"मीही काय?"

"मीही एक घर. कडीतच. तुला द्यायच्या आधी."

आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि आम्हाला हसू फुटलं. पाणी टपकत होतं नि आम्ही हसत होतो. एवढी वर्षं एका छपराखाली राहून दोघांनी एकच लबाडी एकमेकांपासून लपवली होती. "बघ, मनं किती जुळतात आपली," तो म्हणाला. "पंख्याचा वेग सोडून."

मग तो हसायचा थांबला. कोरडे कपडे बोटांवर मोजावेत तसा बोटं दुमडू लागला. "तुझं एक. माझं एक. झाली दोन. त्यातून आप्पांचं राहिलेलं एक वजा. उरतं एक."

"हं."

"पण गाळा दोन घरं जास्त आला."

लंगोट माझ्या हातातच राहिला. खरंच की. एक घर जास्तीचं होतं, आणि ते आमच्या दोघांपैकी कोणाचंच नव्हतं. गेज माझ्या हातातून याच्या हातात जातो, याच्या हातातून टेबलावर. आणि टेबलावरून फक्त एका माणसाच्या हातात.

"त्यांना माहीत आहे," मी म्हटलं. "त्यांना सगळं माहीत आहे. ते स्वतःच सरकवत होते."

घरात दिवा लागला. खिडकीतून आप्पा दिसत होते. भिंगरीला मांडीवर घेऊन तिच्या बुटाची नाडी बांधत होते. नाडी काही बांधली जात नव्हती. भिंगरी शांत बसून होती, जिला एरवी क्षणभर बूड टेकवत नाही. आम्ही त्यांच्यापासून जे लपवत होतो, तेच ते आमच्यापासून लपवत होते, आणि आमच्यापेक्षा कितीतरी नीटनेटकं. त्यांचं ते एक घर एकटंच राहिलं असतं, तर काम चोख झालं असतं. त्यांना आमची गरजच नव्हती. आम्ही मदत करून ब्लॉक घालवला होता. वाचला तो एका घाबरट दंतवैद्यामुळे.

"आता विचारू या का त्यांना?" नवरा म्हणाला.

"काय विचारणार? 'आप्पा, तुमचा हात थरथरतो हे तुम्हाला माहीत आहे, हे आम्हाला माहीत आहे' असं?"

त्याने दुसरा लंगोट सरळ करायला घेतला. "उद्यापासून आपण दोघांनी काही करायचं नाही," तो म्हणाला. "तू शून्य सरळ लाव. मी सरळ नेऊन ठेवतो. ते त्यांचं बघतील."

ठरलं.

डॉक्टर शर्यतीत सातवे आले. हा विजय होता, कारण आजवर ते वरपर्यंत पोहोचतच नसत. त्यांनी सगळ्या चढभर आप्पांची कीर्ती गायली: ते माणूस बघून माप काढतात, तोंडातलं नव्हे, मनातलं. गुळाला मुंगळे यावेत तशी शर्यतवाली माणसं यायला लागली. नवऱ्याने शब्द पाळला. मशीनचं नाव काढलं नाही. आप्पा टेबलाशी ताठ उभे राहून येणाऱ्याला विचारू लागले, "ओतीव की घडीव? खरं सांगा. मागाहून खोकी आणू नका." घरात सगळा आनंदीआनंद होता आणि मला झोप लागत नव्हती.

कारण हिशेब काही आम्हालाच येतो असं नाही. आप्पांनाही येतो. त्यांनी एक घर सरकवलं होतं, तर त्यांच्या हिशेबाने विहीर अगदी बरोबर यायला हवी होती. ती दोन घरं जास्त आली. म्हणजे आणखी दोघांनी सरकवलं, हे त्यांना त्या क्षणीच कळलं असणार. उगाच नाही त्यांनी आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघितलं. मग आता ते काय करतील? मुलं आपल्यासाठी सरकवतातच आहेत, तर आपण कशाला, असं म्हणून थांबतील? की आपल्या लक्षात आलंय हे मुलांच्याही लक्षात आलं असेल, ती आता थांबतील, तर आपण चालू ठेवू? की मुलांपैकी एकच थांबेल? आम्ही तिघंही थांबलो तर पुढचं इंजिन पुन्हा जाम. तिघांनीही चालू ठेवलं तर दोन घरं जास्त, आणि प्रत्येक गिऱ्हाईक काही खोकं लपवून ठेवणारं नसतं.

नव्या ब्लॉकच्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मी आप्पांच्या चेहऱ्यावर काही दिसतं का ते बघत होते. ते पाव बुडवून खात होते.

"आज गेज नीट लाव हं, मुली," ते म्हणाले.

"नीट म्हणजे, आप्पा?"

"म्हणजे नेहमीसारखा."

मी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने पावाकडे बघितलं. नेहमीसारखा म्हणजे कोणत्या नेहमीसारखा? आधीच्या नेहमीसारखा की मधल्या? मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात आप्पा उठले, खांद्यावर फडकं टाकलं आणि पायपुसण्यापलीकडे गेले. तिकडून शीळ ऐकू आली. किती दिवसांनी ते शीळ घालत होते. मी तोंड मिटलं.

मापखोलीत भिंगरी माझ्याआधी येऊन स्टुलावर चढून बसली होती. तिला आता काम मिळालं आहे: काटा हलायचा थांबला की "थांबला" म्हणायचं. मी कडी पुसली. गेज बसवला. तबकडी फिरवली, शून्य काट्याखाली आणलं.

"थांबला," भिंगरी म्हणाली.

मी पेचाला हात लावला. काढला. कडेला अंगठा लावला. तोही काढला. पलीकडे आप्पा पाट आवळत होते. एकेका बोल्टची करकर ऐकू येत होती. दारात नवरा गेज न्यायला उभा होता, दोन्ही हात खिशात घालून, जणू ते बाहेर असले तर काहीतरी करून बसतील.

भिंगरीने माझ्या अंगठ्याकडे पाहिलं, मग काट्याकडे. बराच वेळ पाहिलं. मग माझ्या कानाशी तोंड आणून, आजोबांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू तिने विचारलं,

"आई, आज शून्य कुठे ठेवायचं?"